धोंडू, दगडू, केरू ही नावं कुणी ठेवली?

गेल्या आठवड्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलतभावानं एक मेसेज टाकला. तुम्हालाही कधीतरी आला असेल. दर दोन-चार महिन्यांनी तो फिरून येतो, कधी फोटोवर छापलेला, कधी लांबलचक पोस्ट होऊन. सार असं: धोंडू, दगडू, केरू, कचरू, कोंडू, भिकू ही नावं बहुजनांना हिणवायला भटजींनी पंचांग बघून ठेवली. मनुस्मृतीत तशी आज्ञाच आहे. उच्चवर्णीयांत असलं एकही नाव सापडणार नाही. खालच्या जातींना चांगलं नाव ठेवायची मुभाच नव्हती. जगात कुठलेच आईबाप आपल्या पोराला कचरा म्हणत नाहीत. 'नकोशी' हेही त्याच कारस्थानातलं. तेव्हा ही गुलामीची नावं पुसून टाका.

खाली भावानं स्वतःची एक ओळ जोडली होती: 'आपल्या आजोबांचं नाव आठवा.'

आजोबांचं नाव कोंडिबा. ते आठवायला मेसेज लागत नाही, सातबाऱ्यावर अजून आहे. पण ते नाव कुणी ठेवलं आणि का, हे आमच्या घरात माहीत आहे, आणि ते या मेसेजात बसत नाही. म्हणून हा खटाटोप.

मेसेजातली एक गोष्ट मात्र पक्की खरी आहे आणि तिच्या जोरावर बाकीचं खपून जातं. सुरुवात तिथूनच करतो.

'मनुस्मृतीत आज्ञा आहे.'

आहे. दुसऱ्या अध्यायातला ३१ वा श्लोक: 'मङ्गल्यं ब्राह्मणस्य स्यात् क्षत्रियस्य बलान्वितम् । वैश्यस्य धनसंयुक्तं शूद्रस्य तु जुगुप्सितम् ॥' ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धनाशी जोडलेलं आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे ऐकून किळस यावी असं. पुढच्याच श्लोकात शूद्राच्या नावातून चाकरी दिसावी, असंही म्हटलंय. याला दुसरा अर्थ लावून सारवासारव करणारे महाभाग भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. श्लोक जे म्हणतो तेच त्याला म्हणायचं आहे.

पण पोथीत नियम असणं आणि पाळण्यात तो पाळला जाणं यांत अंतर असतं, आणि ते मोजता येतं. मनूचा नियम मराठी मुलखात खरोखर चालला असता, तर दोन गोष्टी दिसायला हव्या होत्या. वरच्या घरांत धोंडू-केरू नसायला हवे होते आणि खालच्या घरांत दुसरं काही नसायला हवं होतं. दोन्ही तपासून बघू.

'उच्चवर्णीयांत असं एकही नाव सापडणार नाही.'

इथे मेसेज लिहिणाऱ्यानं फारच सोपा डाव दिला आहे. महर्षी कर्वे यांचं नाव काय? धोंडो केशव कर्वे. कोकणातले चित्पावन. १८५८ चा जन्म, १९५८ साली भारतरत्न आणि १९६२ साली वयाच्या १०५ व्या वर्षी निधन. दगडासारखा टिक, असा आशीर्वाद कुणाला लागू पडला असेल तर यांना. त्यांचे चिरंजीव 'समाजस्वास्थ्य' मासिक काढणारे रघुनाथ. मराठी माणूस त्यांना र. धों. कर्वे म्हणूनच ओळखतो. त्या 'धों.'चा पूर्ण उच्चार आपण कधी करत नाही एवढंच.

१८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे. दुसऱ्या बाजीरावाचे दत्तक पुत्र, पेशव्यांच्या गादीचे वारस. त्यांचं नाव धोंडोपंत. इंग्रजांच्या कागदांत ते 'नाना धोंडूपंत' म्हणूनच येतात. ज्या राजवटीवर मनुस्मृती राबवल्याचा आरोप सगळ्यात जास्त होतो, तिच्या अखेरच्या वारसाचं नाव मेसेजातल्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे.

विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचं पूर्ण नाव विष्णु भिकाजी गोखले. म्हणजे वडील भिकाजी. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडुताई कुलकर्णी. ही चार-सहा नावं अपवाद वाटत असतील, तर कुठल्याही जुन्या चित्पावन घराण्याचा कुलवृत्तान्त उघडा. वंशावळीच्या फांद्यांवर धोंडो आणि भिकाजी पिकल्या बोरांसारखे लगडलेले दिसतात.

आणि केरूनाना. यांच्यासाठी जरा थांबायला हवं, कारण मेसेजातला 'पंचांग बघून भटजींनी ठेवलेली नावं' हा दावा यांच्यापाशी येऊन पार आडवा होतो. केरो लक्ष्मण छत्रे हे एकोणिसाव्या शतकातले मोठे गणिती आणि ज्योतिषशास्त्रज्ञ. डेक्कन कॉलेजात टिळक त्यांच्या हाताखाली शिकले. जुनं पंचांग प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाही, हे पाहून त्यांनी नव्या गणितावर पंचांग उभं केलं, ते पटवर्धनी पंचांग. केरोपंतांचं ठेवलेलं नाव विनायक होतं. मंगल, मनूला चालेल असं. पण घरात केरू म्हणून हाक पडली आणि तीच मागे उरली. ग्रहांच्या कोष्टकांवर, पुस्तकांवर, लोकांच्या तोंडी तेच. पंचांगाचं गणित दुरुस्त करणारा माणूस स्वतः 'केर' हे नाव घेऊन आयुष्यभर वावरला, आणि त्याला कुणी हिणवल्याचं ऐकिवात नाही.

ब्राह्मणेतर उच्चवर्णीयांतही तेच. १६७३ साली साठ मावळे घेऊन पन्हाळा सर करणारा कोंडाजी फर्जंद. पुण्यातले हलवाई दगडूशेठ. त्यांचं नाव तर आज गणपतीच्याही आधी लागतं. परदेशातून आलेला पाहुणासुद्धा रिक्षावाल्याला 'दगडूशेठ' एवढंच सांगतो आणि देवळापाशी उतरतो.

ब्राह्मणाच्या घरात घाणेरडं नाव ही गोष्ट मराठी मुलखापुरती किंवा पेशवाईपुरतीही नाही. ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्त नावाच्या ऋषीला तीन मुलगे आहेत: शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. तिन्ही नावांचा अर्थ कुत्र्याचं शेपूट. (मधल्याचा अर्थ काही जण शेपटाच्याही खालचा लावतात, ते सोडून देऊ.) त्यातल्या शुनःशेपाच्या नावावर ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातली सूक्तं आहेत. 'जुगुप्सित' म्हणजे याहून वेगळं काय असतं?

'खालच्या जातींना चांगलं नाव ठेवायची मुभाच नव्हती.'

चोखामेळ्याच्या बहिणीचं नाव निर्मळा. चौदाव्या शतकात, जिच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्या घरात जन्मलेल्या मुलीचं नाव निर्मळा ठेवलेलं होतं. चोख्याची बायको सोयरा. शिंप्याच्या घरातला नामदेव. जोतीराव फुल्यांचं नाव कुलदैवत जोतिबावरून, थोरल्या भावाचं राजाराम, वडिलांचं गोविंद.

बाबासाहेबांच्या घरात बघा. आजोबा मालोजी, वडील रामजी, आई भीमाबाई. मुलांची नावं बळराम, आनंदराव, भीमराव, मुलींची मंजुळा आणि तुळसा. एकोणिसाव्या शतकातलं महार कुटुंब आहे हे. बळ, आनंद, राम, भीम. मनूनं क्षत्रियासाठी राखून ठेवलेलं 'बलान्वित' नाव याच घरात दोनदा आलंय.

याचा अर्थ नावांवरून कुठे, कधी दडपण आलंच नाही, असं मी म्हणत नाही. गावागावाचा रिवाज वेगळा होता. पण 'मुभाच नव्हती' हे वाक्य या माणसांसमोर टिकत नाही. शिवाय त्यात एक नकळत अपमान आहे: ज्यांनी मुलीचं नाव निर्मळा ठेवलं, त्यांना स्वतःची काही इच्छाच नव्हती, असं ते सुचवतं.

मग ही नावं आली कुठून?

आमच्या घरातली गोष्ट सांगतो. आत्यानं ती आपल्या आजीकडून ऐकलेली. आजोबांच्या आधी चार मुलं झाली आणि एकही दोन पावसाळे बघायला उरलं नाही. पाचव्या खेपेला मुलगा झाला तेव्हा सुईणीनं त्याला टाकलेल्या लुगड्यात गुंडाळून सुपात घातलं आणि सूप उकिरड्यावर नेऊन ठेवलं. ठरल्याप्रमाणे शेजारची बाई आली आणि 'हे कुणाचं पोर पडलंय इथं?' म्हणत तिनं सूप उचललं. मग पणजीनं तिला पसाभर कोंडा मोजून दिला आणि पोर विकत घेतलं. आता ते तिचं जन्मलेलं पोर नव्हतं, कोंड्यावर घेतलेलं होतं. सटवाईनं तिच्या पोटच्या पोरांच्या कपाळी जे लिहिलं असेल, ते याला लागू नव्हतं. नाव कोंडिबा.

सगळा डाव मृत्यूला चकवण्याचा आहे. पोर मोलाचं आहे हे कळलं की मृत्यू येतो, म्हणून ते कवडीमोल आहे असं दाखवायचं. केरात सापडलं तो केरू. कचऱ्यातलं तो कचरू. उकिरड्यावरचा तो उकिर्डा. पाच घरी भीक मागून आणलेल्या कापडात गुंडाळला तो भिकू. मुलीसारखं नाक टोचून नथ घातली तो नथू. गालावर काजळाची तीट लावतात त्यामागेही हाच विचार असतो, देखणं पोर जरा विद्रूप करून ठेवण्याचा. फक्त तीट आंघोळीला पुसली जाते आणि नाव जन्मभर राहतं.

(हल्ली याच्या उलटा एक मेसेजही फिरतो की भिकू हे मुळात बौद्ध 'भिक्खू'. दोन्ही शब्द 'भिक्ष्' या एकाच धातूचे, एवढंच त्यात खरं. परड्यात भिकूचं नाव ठेवणाऱ्या बाईच्या मनात विहार नव्हता, शेजारणीनं दिलेलं जुनेर होतं.)

धोंडू आणि दगडू यांची गोष्ट थोडी वेगळी, कारण दगड नुसता कवडीमोल नसतो. दगड मरत नाही. शेताच्या बांधावरचा शेंदूर फासलेला धोंडा हा देव असतो. पावसानं ओढ दिली की पोरं 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत दारोदार जातात. अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात, आणि त्या महिन्यात जन्मलेला मुलगाही धोंडू होतो. 'धोंडू म्हणजे मठ्ठ' हा अर्थ शाळेच्या वर्गातला आहे, गावच्या शिवारातला नाही.

आणि इथे मला सगळ्यात गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आश्वलायन गृह्यसूत्रात जातकर्माचा विधी आहे. नुकत्याच जन्मलेल्या मुलाला बापानं काय म्हणायचं? 'अश्मा भव, परशुर्भव, हिरण्यमस्तृतं भव.' दगड हो, कुऱ्हाड हो, अजिंक्य सोनं हो. सगळ्यात आधी दगड. लग्नात नवरीला दगडावर उभं करून 'या दगडासारखी स्थिर हो' म्हणतात, तेही याच जातीचं. म्हणजे वैदिक ब्राह्मण बाप पोराला संस्कृतात जे म्हणत होता, तेच आमच्याकडची बाई मराठीत हाक मारून म्हणत होती. त्यानं म्हटलं की मंत्र आणि तिनं म्हटलं की शिवी, असं कसं?

'भटजींनी ठेवली.'

याला फार वेळ नको. बारशाला पाळण्यापाशी कोण असतं? बायका. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत पोर पाळण्याखालून-वरून कोण फिरवतं? बायका. कानात कुर्रर्र करून नाव सांगते ती आत्या, आणि भावजयांचे धपके खाते तीही आत्याच. भटजीबुवा फार तर जन्मनक्षत्रावरून अक्षर सांगतात, आणि ज्या वाड्या-पाड्यांवर भटजी जातच नव्हते तिथे तेही नाही. ठाणे-पालघरच्या वारल्यांत वारावरून नाव पडतं: सोम्या, बुध्या, शुक्र्या. जगभर गाजलेले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या वडिलांचं नाव सोमा. तिथे कुठलं पंचांग आणि कुठला भट?

ही नावं मरणाला घाबरलेल्या आयांनी ठेवली. त्यांच्या हातून ती काढून भटजीच्या हाती द्यायची म्हणजे भटजीला नको तेवढा मोठा करायचा.

'जगात कुठलेच आईबाप पोराला कचरा म्हणत नाहीत.'

खुदीराम बोस. मेदिनीपूरच्या कायस्थ घरातला मुलगा. आधीचे दोन मुलगे गेले, म्हणून थोरल्या बहिणीनं त्याला तीन मुठी 'खुद' देऊन आईकडून विकत घेतलं. खुद म्हणजे आपल्या कण्या. आमच्याकडे कोंडा, त्यांच्याकडे कण्या. धान्य तेवढं वेगळं. १९०८ साली मुझफ्फरपूरच्या बॉम्बप्रकरणात तो अठरा वर्षांचा असताना फासावर गेला. त्याच प्रकरणावर 'केसरी'त लिहिलेल्या अग्रलेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडाले दिसलं. त्या खटल्याबद्दल वाचताना 'खुदीराम' हे नाव आपण शंभरदा वाचलं असेल, पण ते आपल्या कोंडिबाचं सख्खं भावंड आहे हे ध्यानात येत नाही. बंगालीत तीनकौडी, पाचकौडी ही नावंही अशीच, तीन कवड्यांना घेतलेला, पाच कवड्यांना घेतलेला.

ओडियाचे थोर कादंबरीकार फकीर मोहन सेनापती यांचं मूळ नाव ब्रजमोहन. लहानपणी दुखण्यानं अंथरुणाला खिळले, तेव्हा आजीनं पीराला नवस बोलला की पोर जगलं तर तुझा फकीर करीन. पोर जगलं. मोहरमच्या दिवसांत त्याला फकिराचा वेश घालून भिक्षा मागायला पाठवलं जाई, आणि नावही तेच पडलं. हिंदू घरातला मुलगा, पीराचा नवस. आपल्याकडेही शहाजी आणि शरीफजी ही भोसल्यांच्या घरातली नावं अहमदनगरच्या शाह शरीफ पीराच्या नवसावरून आल्याची परंपरा आहेच. पोर जगवायचं असतं तेव्हा धर्म बघायला कुणाला फुरसत नसते.

तमिळमध्ये कुप्पै म्हणजे केर. कुप्पुस्वामी म्हणजे सरळसरळ केरोबा. मद्रासचे संस्कृत पंडित कुप्पुस्वामी शास्त्री, ज्यांच्या नावानं चेन्नईत संशोधनसंस्था उभी आहे, ते ब्राह्मणच. तेलुगूत पेंट म्हणजे उकिरडा, त्यावरून पेंटय्या. मुंबईत जन्मलेल्या पारशी क्रांतिकारक मादाम कामा यांचं नाव भिकाईजी.

आणि भारताबाहेर जायचं तर जपानला चला. सोळाव्या शतकात जपान एका झेंड्याखाली आणणारा तोयोतोमी हिदेयोशी याला उतारवयात मुलगा झाला. त्याचं लहानपणीचं नाव 'सुते', म्हणजे टाकलेला. तो १५९१ साली गेला. १५९३ साली दुसरा मुलगा झाला तेव्हा त्याला मुद्दाम बाहेर ठेवून एका सरदाराकडून उचलून आणवला आणि नाव ठेवलं 'हिरोई', म्हणजे उचललेला. आमच्या पणजीचं सूप आणि जपानच्या सर्वसत्ताधीशाचा वाडा, विधी तोच. मंगोलियात आजही नेरगुई (नाव नसलेला), एनेबिश (हा नव्हे) आणि हुनबिश (माणूस नव्हे) अशी नावं भेटतात. तिथल्या गवताळ माळावर मनुस्मृती कुणी नेली?

मग जात कुठे होती?

हा प्रश्न मेसेज विचारतच नाही, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. कारण जात होती, चांगली ठणठणीत होती. मेसेज ती चुकीच्या जागी शोधतो आणि मूळ जागा मोकळी सोडून देतो.

धोंडू हे एकच नाव घ्या आणि गावातून फिरवा. कुलकर्ण्याचा धोंडू झाला की धोंडोपंत. वाण्याचा झाला की धोंडूशेठ. पाटलाचा धोंडीबा किंवा धोंडजी. आणि महार-मांगाचा? धोंड्या. पोरगं असताना धोंड्या, लग्न झालं तरी धोंड्या, नातवंडं खेळायला लागली तरी पाटलाच्या सात वर्षांच्या पोरानं मारलेली हाक 'ए धोंड्या'. नाव आईनं ठेवलं, शेपूट गावानं लावलं. मनूचा 'जुगुप्सित' मराठी मुलखात पाळण्यात शिरला नाही, तो चावडीवर बसून राहिला आणि 'पंत', 'राव', 'शेठ', 'बा', 'या' यांची वाटणी करत राहिला.

कागदावरही तेच. जुन्या दप्तरांत महारांच्या नावांना 'नाक' हा शेवट असतो: शिदनाक, रामनाक. भीमा-कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरली आहेत, त्यांतली वीसहून अधिक याच शेवटाची. दगडावरसुद्धा जात कळते, आणि ती कळते नावाच्या शेवटच्या अक्षरांवरून. नुसतं नाव वाचून कळत नाही. 'र. धों.' आणि 'ना. धों.' ही आद्याक्षरं शेजारी ठेवा. पहिले कोकणस्थ कर्वे. दुसरे अजिंठ्याच्या परिसरातल्या पळसखेड्याचे शेतकरी कवी नामदेव धोंडो महानोर. दोघांचेही वडील धोंडोच. त्या 'धों.'वरून कोण कुठल्या घरचा ते ओळखून दाखवा.

आणखी एक फरक होता, तोही सांगायला हवा. वरच्या घरात केरू हे बहुधा हाकेचं नाव, मागे पत्रिकेतला विनायक उभा. नको वाटलं तर परत विनायक होता यायचं. दलित-कष्टकऱ्याच्या घरात मागे उभं असलेलं दुसरं नाव नसे. शाळेच्या दाखल्यावर पडलं तेच कायम, आणि वर्गात हजेरी घेताना हशा पिकायचा तो त्याच नावावर. दगडू मारुती पवार या मुलानं मोठेपणी दया पवार हे नाव लावलं, त्यामागे हाच वर्गातला आणि कचेरीतला मराठी समाज होता. नाव ठेवणाऱ्या बाईनं त्याला जगवायला दगडू म्हटलं असेल, पण ते ऐकणाऱ्या शहराला दगड तेवढा दिसत होता. ज्यांनी ज्यांनी नावं बदलली त्यांचं काही चुकलं, असं म्हणण्याचा अधिकार मला नाही.

आणि ही नावं गरिबांत अधिक दिसतात, हे मेसेजाचं निरीक्षण खोटं नाही. कारण मात्र साधं आहे. पोरं गरिबांचीच जास्त मरत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक पहिला वाढदिवस बघत नसत. हा सगळ्या देशाचा आकडा. ज्या वस्तीला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं तिथला किती असेल, याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा. जिथे चार पाळणे रिकामे झाले तिथे पाचव्याला केरू म्हणायची पाळी येणारच. जात या नावांत अशीही शिरली होती, पण मेसेज लिहिणाऱ्याला भटजीच्या शेंडीपलीकडे काही दिसलं नाही.

'नकोशी हेही त्याच कारस्थानातलं.'

हे मात्र एका टोपलीत घालू नका. धोंडू-केरू ही नावं पोर हवं असतं म्हणून ठेवलेली. नकोशी, नकुसा हे पोर खरोखर नको असतं म्हणून ठेवलेलं, 'देवा, आता मुलगी पुरे' असा निरोप. तिथे मृत्यूला फसवायचं नसतं, मुलीला तिची किंमत सांगायची असते. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात एका कार्यक्रमात २८५ 'नकोशीं'ना नवी नावं देण्यात आली. त्यातल्या मुली कुठल्या एका जातीच्या नव्हत्या. तो दोष सगळ्यांच्या अंगणातला आहे, आणि भटजीवर ढकलला की प्रत्येकाला आपापलं अंगण झाडल्यासारखं वाटतं.

'पुसून टाका.'

पुसायला उरलंय काय? तुमच्या ओळखीत दहा वर्षांखालचा एक तरी केरू आहे का? देवीची लस आली, मग घटसर्प-डांग्या खोकल्याची, पोलिओची. बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा बालमृत्यूदर हजारी १६ होता. दोनशेहून अधिकवरून सोळावर. मृत्यूला चकवायची गरज उरली नाही तशी आरव आणि विहान आले. कुणी चळवळ करून ही नावं काढली नाहीत. अंगणवाडीतली ताई, तिचा वजनकाटा आणि लसीचा डबा यांनी ती काढली.

जे थोडे धोंडिबा आणि दगडूकाका अजून गावाकडे पारावर बसलेले भेटतात, त्यांना तुमचं नाव गुलामीचं आहे असं सांगायला जाऊ नका. त्यांच्या आईनं ते किती मोजून घेतलंय, हे त्यांना ठाऊक असतं.

भावाला ग्रुपवर एवढं सगळं लिहिलं नाही. आत्याला फोन कर, एवढंच टाकलं. त्यानं केला. रात्री उशिरा त्याचा मेसेज आला: 'सूप कुणाचं होतं ते तिला आठवत नाही म्हणे. पण कोंडा बाजरीचा होता.'